आधी हे नख काप

"प्रार्थना होईल गं. आधी हे नख काप माझं. चादरीत अडकतंय."

आजींनी उजव्या हाताचं बोट माझ्यासमोर धरलं. नख मधोमध उभं चिरलेलं होतं आणि त्या फटीत चादरीचा एक दोरा अडकून बसला होता. हात हलला की चादर ओढली जायची. रविवारची उपासना आटोपून आम्ही आमच्या चर्चच्या मंडळीतले पाच जण रुग्णांच्या भेटीला गेलो होतो. बायकांचा वॉर्ड, दुपारची वेळ, फिनेल आणि औषधांचा एकमेकांत मिसळलेला वास, कुठल्याशा पलंगाखाली स्टीलचं भांडं सरकल्याचा आवाज. माझ्या पिशवीत बायबल होतं, गीतांचं पुस्तक होतं, वाटायला आणलेल्या पुस्तिका होत्या, सॅनिटायझरची बाटलीसुद्धा होती. नेलकटर नव्हतं. नेलकटर घेऊन भेटीला कोण जातं? "पुढच्या रविवारी नक्की आणते हं आजी," असं म्हणून मी त्यांच्या कपाळावर हात ठेवला, डोळे मिटले आणि प्रार्थना केली. चांगली झाली प्रार्थना. शब्द आपोआप येत होते, आवाज हवा तिथे कापरा होत होता, शेजारच्या दोन पलंगांवरूनही 'आमेन' ऐकू आलं. परतताना आमच्यातले एक काका म्हणाले, "ताई, आज प्रभूनं तुम्हाला फार वापरलं." मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, घरी पोचेपर्यंत बरं वाटत होतं.

पुढच्या रविवारी नेलकटर रुमालात गुंडाळून नेलं. त्या पलंगावर दुसरीच बाई होती, भिंतीकडे तोंड करून झोपलेली. सिस्टरला विचारलं तर तिची त्या वॉर्डातली ड्यूटी त्याच दिवशी सुरू झालेली. शेजारच्या पलंगावरची बाई म्हणाली, "बुधवारी नेलं त्यांना." कुठे नेलं? "घरी असेल. नाहीतर दुसरीकडे. आम्हाला कोण सांगतंय?"

मराठीत 'नेलं' या शब्दाचे किती अर्थ होतात, ते त्या दिवशी नको तितकं कळलं.

गोष्ट एवढीशीच. नख कापलं असतं म्हणून आजींचा आजार बरा झाला नसता. त्यांना ते आठवलंही नसतं कदाचित. पण मला सुटेना. सगळ्यात जास्त टोचत राहिली ती ड्रेसिंगची ट्रॉली. आमच्यापासून दहा पावलांवर उभी होती. तिच्यावर कापूस होता, पट्ट्या होत्या आणि कात्री होती. मी ती पाहिली होती. म्हणजे नेलकटर नव्हतं ही सबबच. खरं कारण असं की माझी प्रार्थना तयार होती. ती ओठांवर आली होती आणि हे नख मध्येच आलं होतं.

'प्रभू, मला वापर.' हे वाक्य मी पहिल्यांदा उच्चारलं तेव्हा सतरा वर्षांची होते. युवक शिबिराची शेवटची रात्र. बाहेर पाऊस, आत पेटीचे सूर, तेच एक धृपद पुन्हा पुन्हा, आणि पुढे उभे असलेले वक्ते हळू आवाजात सांगत होते, ज्यांना आपलं आयुष्य प्रभूला द्यायचंय त्यांनी उभं राहावं. मी उभी राहिले. गुडघे थरथरत होते. ओल्या सतरंजीचा वास अजून नाकात आहे. उभं राहणाऱ्यांत मी दुसरी होते हेही आठवतं, म्हणजे तेव्हासुद्धा मोजत होते. त्या रात्री डोळ्यांपुढे काय काय होतं! कुठलंसं लांबचं, नकाशावर शोधावं लागेल असं गाव, आजारी मुलं, मी कंदील घेऊन रात्री-बेरात्री निघाले आहे, मागे कोणीतरी म्हणतंय, या बाईनं आमचं आयुष्य बदललं. त्या चित्रात लोक पुष्कळ होते. मात्र एकाचाही चेहरा नीट दिसत नव्हता. चेहरा फक्त माझा.

पुढे तसं काही झालं नाही. नोकरी लागली, हिशेब विभागात. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या जमाखर्चातल्या चुका शोधल्या. लग्न, मुलं, सासूबाईंचं लांबलेलं आजारपण. मंडळीत गात राहिले, संडे स्कूलमध्ये शिकवत राहिले, पण शिबिरातली ती रात्र कर्जासारखी डोक्यावर राहिली. आपल्यात 'पाचारण', म्हणजे देवानं कामाला बोलावणं, हा शब्द फार जड आहे. कोणाला पाचारण झालं म्हणजे तो सेमिनरीत गेला, पाळक झाला, मिशनरी झाला. बाकीच्यांना नुसत्या नोकऱ्या. चाळिशीनंतर एक वेळ अशी आली की दुसऱ्या कोणाची साक्ष, म्हणजे देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते चारचौघांत सांगणं, ऐकताना माझ्या पोटात खड्डा पडायचा. तो मत्सर होता. आध्यात्मिक मत्सर फार सभ्य दिसतो. तो सगळ्यात मोठ्यानं 'आमेन' म्हणतो.

इफिसकरांच्या पत्रात दुसऱ्या अध्यायात म्हटलंय की आपण देवाची हस्तकृती आहोत आणि सत्कृत्यं करण्यासाठी घडवले गेलो आहोत. ती सत्कृत्यं देवानं आधीच तयार करून ठेवली आहेत, अशासाठी की आपण त्यांत चालावं. हे वचन मला पाठ होतं, पण मी ते नेहमी खजिन्याच्या नकाशासारखं वाचलं. कुठेतरी माझ्या नावाचं एक काम पुरून ठेवलंय आणि मला ते सापडत नाहीये. 'चालावं' या क्रियापदाकडे लक्ष गेलंच नाही. चालताना माणूस शोधत नसतो. चालताना पायाखाली जे येतं ते येतं.

आईनं कधी साक्ष दिली नाही. प्रार्थनासभेत पाळकसाहेब म्हणायचे, आता कोणीतरी दोन शब्द बोला, की आई बाकाखाली वाकून काहीतरी शोधायला लागायची. चष्म्याचं घर, रुमाल, नसलेली सुई. लहानपणी मला त्याची लाज वाटायची. तिचं एकच काम होतं, तेही कोणी तिला दिलेलं नव्हतं. प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा विधी, झालं की द्राक्षरसाचे ते छोटे छोटे काचेचे पेले ती मागच्या खोलीत नेऊन धुवायची. ऐंशी-नव्वद पेले. पेल्याचं तोंड इतकं अरुंद की बोट आत जात नसे, म्हणून तिनं एका काडीला कापडाची पट्टी गुंडाळून स्वतःच एक हत्यार तयार केलं होतं. मी दारात उभी राहून कंटाळायची. काचेला काच लागल्याचा बारीक किणकिणाट, कोमट पाणी, आंबूस-गोड वास, आणि आई त्या लयीत काहीतरी पुटपुटते आहे. गाणं असेल, प्रार्थना असेल किंवा नुसता आकडा असेल. मी विचारलं नाही.

आई गेली त्याच्या पुढच्या महिन्यात प्रभुभोजन होतं. ट्रे माझ्यासमोर आला. मी पेला उचलायला गेले तर तो निघेना, तळाशी चिकटलेला. आत मागच्या वेळच्या रसाची काळपट कडी वाळून बसली होती. पुढच्या बाकावर कुजबुज झाली. उपासनेनंतर सेवक मंडळींनी एकमेकांना विचारलं, पेले धुतं कोण? कोणालाच माहीत नव्हतं. जवळजवळ वीस वर्षं ते काम होत होतं आणि ते कोण करतं हे कोणाला सांगता येईना. मी गप्प राहिले. सांगावंसं वाटलं नाही, का ते अजून नीट कळलेलं नाही. थोडा राग होता. थोडी अशीही भावना होती की हे तिचं गुपित आहे आणि मला ते उघड करायचा हक्क नाही.

प्रेषितांच्या कृत्यांत नवव्या अध्यायात यापो गावची टबीथा आहे, तिलाच दुर्कस म्हणत. ती मरण पावते, तेव्हा पेत्राला बोलावून आणतात आणि माडीवर नेतात. तिथे विधवा रडत उभ्या असतात. तिच्याबद्दल त्या भाषण करत नाहीत. तिनं शिवलेले अंगरखे आणि कपडे त्या पेत्राला दाखवतात. पेत्र प्रार्थना करतो आणि ती उठून बसते, त्यावरच आपल्याकडे प्रवचनं होतात. मला मात्र अलीकडे ते कपडे जास्त दिसतात. टबीथाचं एकही वाक्य तिथे नोंदवलेलं नाही. टाके आहेत.

इथे जरा थांबून एक कडू गोष्टही बोलायला हवी. पेले धुण्याचं असं कौतुक करणं सोपं आहे, आणि ते कोण कोणासाठी करतं हे पाहिलं की माझं डोकं तापतं. पेले धुणाऱ्या बाईला 'तुझी सेवा देवाला ठाऊक आहे' असं सांगून आत कमिटीची मीटिंग पुरुषांनीच भरवायची, हे मी आयुष्यभर पाहिलंय. लहान कामाचा गौरव करता करता माणसाला लहान ठेवता येतं. पंडिता रमाबाईंना कोणी म्हटलं असतं की बाई, तुमच्या वाट्याचं तेवढं गुपचूप करा, तर त्यांनी ते ऐकून घेतलं नसतं. आणि आपल्या सुदैवानं घेतलंही नाही.

रमाबाईंच्या बाबतीत मला सगळ्यात धीर देणारी गोष्ट मात्र त्यांच्या कामाच्या पसाऱ्यातली नाही. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे स्वतःच्या साक्षीत त्यांनी लिहून ठेवलं की त्यानंतर आठेक वर्षांनी त्यांना उमगलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. या आठ वर्षांत त्या रिकाम्या बसल्या नव्हत्या. अमेरिकेत जाऊन आल्या होत्या, व्याख्यानं दिली होती, 1889 मध्ये शारदा सदन सुरू केलं होतं. म्हणजे हातून काम चालू होतं आणि ज्याच्यासाठी काम चाललंय तो अजून नीट भेटायचा होता. आधी उद्देश सापडेल, मग आपण कामाला लागू, या माझ्या एकतीस वर्षांच्या सबबीला हे उत्तर पुरेसं आहे. पुढे 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी उपाशी, टाकून दिलेल्या मुलींना केडगावला आणलं, ते सगळ्यांना माहीत आहे. आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात त्या हिब्रू आणि ग्रीक घेऊन बसल्या, कमी शिकलेल्या बाईलाही कळेल अशा मराठीत बायबल आणण्यासाठी. त्याची छपाईही केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमधल्या बायकांच्या हातून झाली. एकुलती एक मुलगी 1921 मध्ये गेली, त्या स्वतः 1922 मध्ये गेल्या, आणि ते संपूर्ण बायबल प्रसिद्ध झालं 1924 मध्ये. छापून झालेलं पुस्तक त्यांनी हातात घेतलंच नाही.

गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढलेले ब्रिटिश खासदार विल्यम विल्बरफोर्स, त्यांचंही असंच काहीसं. 1785 मध्ये मन पालटलं तेव्हा संसद सोडून धर्मसेवेत जावं असं त्यांच्या मनात होतं. सल्ला मागायला ते जॉन न्यूटन यांच्याकडे गेले. हे न्यूटन एकेकाळी गुलाम वाहून नेणाऱ्या जहाजाचे कप्तान होते आणि नंतर पाळक झालेले. त्यांनी सांगितलं, आहात तिथेच राहा. 1791 मध्ये गुलामांच्या व्यापाराविरुद्धचा ठराव 88 विरुद्ध 163 मतांनी पडला. तो व्यापार बंद करणारा कायदा व्हायला 1807 उजाडलं, आणि गुलामगिरीच रद्द करणारं विधेयक आता मंजूर होणार ही बातमी 1833 च्या जुलैत त्यांच्या कानावर आली, त्यानंतर तीन दिवसांनी ते गेले. मला या कहाणीतला विजय आवडतो, पण मी अडकते ती 1791 च्या त्या रात्रीपाशी. 163 मतं विरोधात. त्या रात्री घरी जाताना त्यांना कोणी म्हणालं असेल का, आज प्रभूनं तुम्हाला फार वापरलं?

आणि बरं वाटण्याचं काय? मदर तेरेसांची खासगी पत्रं 2007 मध्ये प्रसिद्ध झाली, तेव्हा कित्येकांना धक्का बसला होता. वर्षानुवर्षं त्यांना प्रार्थनेत देव जवळ असल्याचं जाणवतच नव्हतं, आत नुसता अंधार होता. आमच्या अभ्यासवर्गात एक जण म्हणाले, मग हे सगळं कशाच्या जोरावर केलं त्यांनी? तेव्हा मला उत्तर आलं नाही. आजही येत नाही. पण वॉर्डातून निघाल्यापासून घरी पोचेपर्यंत टिकलेलं माझं ते बरं वाटणं त्या पत्रांशेजारी ठेवून पाहिलं, की ते फार हलकं लागतं.

मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायातला न्यायाचा प्रसंग मी संडे स्कूलमध्ये किती वेळा शिकवला असेल. उजवीकडे मेंढरं, डावीकडे शेरडं, मुलं दोन गट करून उभी राहायची. भुकेल्याला दिलं, नागव्याला नेसवलं, आजाऱ्याला भेटलात, ते मलाच केलंत. मुलांकडून पाठ करून घेताना एक गोष्ट कधी बोचली नाही, ती आता बोचते. दोन्ही बाजूचे लोक एकच प्रश्न विचारतात. प्रभू, आम्ही तुला कधी पाहिलं? ज्यांनी केलं त्यांनाही ठाऊक नव्हतं, ज्यांनी नाही केलं त्यांनाही नव्हतं. उजवीकडच्यांकडे कसलीही यादी नाही. आईला विचारलं असतं तर तिनं बाकाखाली वाकून चष्म्याचं घर शोधलं असतं. आणि मला विचारलं तर? मी तारखेनिशी सांगू शकेन, अमुक रविवारी अमुक वॉर्डात, पलंगापाशी उभी राहून. माझ्याकडे फोटोसुद्धा आहे.

फोटो खरंच आहे. आमच्या भेटीचे फोटो त्याच संध्याकाळी मंडळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आले होते. खाली हात जोडलेल्या खुणांची रांग. तेव्हा मी तो फोटो पाहिला होता, म्हणजे स्वतःला पाहिलं होतं, पदर नीट आहे ना, चेहरा बरा आलाय ना. आजी सापडल्या नाहीत त्या रात्री मी तो पुन्हा उघडला आणि दोन बोटांनी मोठा केला. मी डोळे मिटून उभी आहे, हात आजींच्या कपाळावर. माझा चेहरा अगदी समाधीत गेल्यासारखा. आजींचे डोळे उघडे आहेत. त्या माझ्याकडे पाहत नाहीयेत, वरही पाहत नाहीयेत. त्या आपल्या बोटाकडे पाहताहेत. डाव्या हातानं तो दोरा सोडवायचा प्रयत्न चाललाय.

मी मोठा केलेला फोटो लहान केला आणि फोन उलटा ठेवला.

बार्तीमय आठवला मग. यरीहोच्या वाटेवर भीक मागत बसलेला आंधळा. येशू जातोय हे कळल्यावर तो ओरडायला लागतो, लोक त्याला दटावतात, तो आणखी मोठ्यानं ओरडतो. येशू थांबतो, त्याला बोलावून घेतो आणि विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? हा प्रश्न मला नेहमी फाजील वाटायचा. आंधळ्याला आणखी काय हवं असणार? पण तो भिकारी होता, त्यानं पैसेही मागितले असते. कदाचित ओरडून घसा सुकला म्हणून आधी पाणी मागितलं असतं. येशू ते गृहीत धरत नाही. त्याला सगळं ठाऊक असूनही तो त्या माणसाच्या तोंडून ऐकायला थांबतो. आणि मला, जिला काहीच ठाऊक नव्हतं, त्या दुपारी विचारायचीसुद्धा गरज पडली नव्हती. आजींनी न विचारता सांगितलं होतं. माझं पाचारण, ज्याची मी सतराव्या वर्षापासून वाट पाहत होते, ते चिरलेलं नख होऊन माझ्या डोळ्यांसमोर आलं होतं, स्वच्छ मराठीत, कर्त्या-कर्मा-क्रियापदासकट. मी त्याला पुढच्या रविवारची तारीख दिली.

तेव्हापासून नेलकटर पिशवीत असतं. बायबलच्या कव्हरला जो कप्पा आहे, त्यातच. एक छोटी कात्रीही ठेवली, एक कंगवा ठेवला. मंडळीतल्या एका मुलीनं विचारलं, "काकू, तुम्ही काय पार्लर काढलंय का?" मी हसले. काही भेटींत नखं कापली, एका बाईचे केस विंचरले. ते विंचरताना मनात आलंच की हे बघितलंय का कोणी. सवय जात नाही. फोटो मात्र नको म्हणून सांगितलंय, आणि सांगताना आपण किती नम्र आहोत तेही आवडून गेलं. माणसानं पळावं तरी कुठे?

गेल्या रविवारी खिडकीजवळच्या पलंगावर एक बाई होत्या. साठीच्या आसपास, चेहरा ओळखीचा नव्हता. नखं वाढलेली होती, ते मी आधी पाहिलं. आता माझी नजर तिकडेच जाते. पिशवीतून नेलकटर काढलं, त्यांच्या शेजारी स्टुलावर बसले आणि अगदी ठरवून विचारलं, "ताई, तुमच्यासाठी काय करू?" नेलकटर हातात तयार होतं.

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग पिशवीतून डोकावणाऱ्या काळ्या कव्हराकडे.

"नखं राहू द्या हो," म्हणाल्या. "त्या परवा आलेल्या बायका प्रार्थना करून गेल्या, मी झोपेत होते. तुम्हाला येते का?"

मी नेलकटर मांडीवर ठेवलं. डोळे मिटले. आजवर कधी शब्द शोधावे लागले नव्हते, त्या दिवशी एकही सापडेना. कपाळावर हात ठेवायचा धीर झाला नाही म्हणून त्यांचा हातच धरला, वाढलेली नखं माझ्या तळव्याला लागत होती. "बापा," म्हटलं आणि थांबले. बराच वेळ थांबले असणार, कारण त्यांनी माझा हात हळूच दाबला.

"हं," त्या म्हणाल्या, "बोला ना पुढे."